माहितीपटातील एका प्रसंगाचे चित्रणच उपलब्ध नाही. त्या जागी दुसरे जुने चित्रण वापरावे का?

नमस्कार.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर लढलेल्या सामान्य सैनिकांविषयी आम्ही एक माहितीपट करत आहोत आणि त्याच्या संकलनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. काम एका प्रसंगापाशी अडले आहे. तिथे जो निर्णय होईल तोच पुढे संपूर्ण माहितीपटाला लागू होणार असल्याने जाणकारांचे मत हवे आहे.

प्रसंग १९१४ च्या नाताळातील आहे. आघाडीच्या काही भागांत ब्रिटिश आणि जर्मन सैनिकांनी वरिष्ठांच्या आदेशाविना गोळीबार थांबवला. ते खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले, तंबाखू आणि गणवेशाच्या बटणांची देवघेव झाली आणि दोन्ही फळ्यांच्या मधल्या जमिनीवर पडून राहिलेली प्रेते पुरण्यात आली. सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रे आहेत, काही छायाचित्रेही आहेत. चलतचित्रण मात्र आम्हाला मिळालेले नाही आणि त्याचे कारण उघड आहे. ब्रिटिश सैन्याबरोबर अधिकृत कॅमेरामन फ्रान्समध्ये पोहोचले तेच मुळी १९१५ च्या नोव्हेंबरात.

दिग्दर्शकांनी या जागेसाठी दुसऱ्या एका रिळातील तुकडा निवडला आहे. तुकडा फार सुंदर आहे. एक ब्रिटिश सैनिक काडी पेटवतो, वाऱ्याने ती विझू नये म्हणून तळहाताचा आडोसा करतो आणि समोरच्या जर्मन सैनिकाची सिगारेट पेटवून देतो. तो धूर सोडतो आणि क्षणभर थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. नाताळाचे निवेदन त्यावर ठेवून पाहिले तेव्हा खोलीतील सगळे गप्प झाले, इतका तो परिणामकारक आहे. परंतु काडी पेटवणाऱ्याच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राण आहे. १९१४ मध्ये ब्रिटिश सैनिक कापडी टोप्या घालूनच लढत होते. शिरस्त्राणे १९१५ च्या उत्तरार्धात येऊ लागली आणि ती सर्वांपर्यंत पोहोचेतो १९१६ उजाडले. मागचे झाडही पानांनी भरलेले आहे, म्हणजे दिवस उन्हाळ्याचे आहेत. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की समोरचा जर्मन हा युद्धबंदी आहे. तो नाताळातल्या माणसांसारखा आपण होऊन चालत आलेला नाही, त्याला पकडून आणलेले आहे.

दिग्दर्शकांचे म्हणणे असे, की युद्ध तेच आहे, माणसे खरी आहेत, भावनाही खरी आहे, आणि चित्र हे निवेदनाला साथ देण्यासाठी असते, पुरावा म्हणून नसते. त्यांचा हेतू प्रामाणिक आहे याविषयी मला शंका नाही, तरीही मला हे पटत नाही. ओरखडे पडलेले कृष्णधवल चित्रण दिसले की ‘हे असेच घडले’ असे प्रेक्षक कुणी न सांगताही धरून चालतो. आपण त्याच्याकडे असा विश्वास मागितलेला नसतो, तो आयता मिळतो. म्हणूनच तो जपण्याची जबाबदारी अधिक आहे असे मी मानते. शिवाय अशी उसनवारी एका माहितीपटापुरती राहत नाही. १९१७ च्या रशियन राज्यक्रांतीत पेट्रोग्राडच्या विंटर पॅलेस या राजवाड्यावर झालेल्या हल्ल्याची म्हणून जी दृश्ये अनेकदा दाखवली जातात, ती सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांच्या ‘ऑक्टोबर’ या १९२८ च्या कथापटातील आहेत. कुणीतरी ती पहिल्यांदा अस्सल म्हणून वापरली, पुढच्याने त्याच्याकडून उचलली, आणि आता तीच लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहतात.

माझे प्रश्न असे आहेत. ज्या प्रसंगाचे चित्रण नाही तिथे त्याच काळातील वेगळे चित्रण वापरलेच, तर प्रेक्षकाला ते कसे सांगावे? प्रत्येक तुकड्याखाली स्थळकाळाची पट्टी दिली तर ओघ तुटतो, आणि सगळा खुलासा शेवटच्या श्रेयनामावलीत टाकला तर तो कुणी वाचत नाही. दुसरे म्हणजे, जुन्या रिळांचा वेग दुरुस्त करणे, पडदा भरण्यासाठी चौकट कापणे, मूक चित्रणाला आवाज जोडणे आणि रंग भरणे यांपैकी काय चालण्यासारखे आहे आणि काय नाही? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

नमस्कार ताई. जुन्या चित्रणावर बरीच वर्षे काम करत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

तो तुकडा काढून टाकू नका, त्याची जागा बदला. निवेदन नाताळावरून पुढे न्या आणि ‘दीड वर्षाने, १९१६ च्या उन्हाळ्यात’ असे म्हणून तोच तुकडा युद्धबंद्याचे दृश्य म्हणून दाखवा. नाताळातील भेट आणि ही भेट यांतील फरक तुम्हीच नेमका मांडला आहे. तो प्रेक्षकालाही दिसू द्या, दृश्य अधिक खोल जाईल. ओघ न तोडता स्थळकाळ सांगण्याची उत्तम जागा निवेदनच आहे. जिथे निवेदनात सांगता येत नाही तिथेच पट्टी द्यावी. नाताळासाठी पत्रे आणि छायाचित्रे पुरेशी आहेत. ती छायाचित्रे १९१५ च्या जानेवारीत ब्रिटिश वृत्तपत्रांत छापूनही आली होती. एखादे छायाचित्र नेहमीपेक्षा जास्त वेळ स्थिर ठेवा, पत्रातला मजकूर शांतपणे वाचू द्या, आणि या दिवसाचे चलतचित्रण नाही हे एका वाक्यात सांगून टाका. ते ऐकल्यावर प्रेक्षक तुमच्या इतर चित्रणावर अधिक विश्वास ठेवतो.

तुकडा खऱ्या युद्धभूमीवरचा असला तरी तपास संपत नाही. फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईवर १९१६ च्या ऑगस्टमध्ये प्रदर्शित झालेल्या ब्रिटिश चित्रपटाचा बराचसा भाग अस्सल आहे. १ जुलैच्या सकाळी हॉथॉर्न रिज या उंचवट्याखाली उडवलेल्या सुरुंगाचा स्फोट त्यात आहे आणि तो प्रत्यक्ष टिपलेला आहे. मात्र त्याच चित्रपटातील, खंदकातून वर चढताना सैनिक कोसळतात ते प्रसिद्ध दृश्य आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी मुद्दाम घडवून घेतलेले मानले जाते. सैनिकांच्या पाठीवर हल्ल्याच्या वेळचे पूर्ण सामान नाही, आणि कॅमेरा अशा उघड्या जागी आहे की खऱ्या गोळीबारात तिथे उभे राहणे अशक्य होते. त्यामुळे रिळावर कोणते नाव आहे एवढ्यावर न थांबता प्रत्येक शॉट वेगळा तपासावा. कॅमेरामनने त्या दिवशी लिहिलेल्या नोंदी अभिलेखागारात असतील तर त्या आधी मागवा. विक्रीसाठी ठेवलेल्या संग्रहांतील वर्णने अनेकदा पुढे कुणीतरी घाईने लिहिलेली असतात. प्रतिमा उलटी छापली गेली आहे का हेही पाहा. सगळेच सैनिक डाव्या हाताने बंदुकीचा खटका ओढताना दिसले तर उत्तर मिळालेच.

चित्रण कुणी आणि कशासाठी केले, हा प्रश्नही प्रत्येक वेळी विचारावा. वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, १९४२ मध्ये नाझी पथकाने केलेले चित्रण अनेक वर्षे तिथल्या जीवनाची सरळ नोंद म्हणून वापरले गेले. पुढे न वापरलेले तुकडे सापडले, आणि एकच दृश्य पुन्हा पुन्हा करवून घेतल्याचे त्यांत दिसले. चेहरे आणि उपासमार खरी होती, मांडणी मात्र अत्याचार करणाऱ्यांची होती. असे चित्रण दाखवताना कॅमेऱ्यामागे कोण होते हे सांगितलेच पाहिजे.

वेग अवश्य दुरुस्त करा. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यांचा वेग बदलता असे. सेकंदाला १६ फ्रेमने टिपलेले चित्रण २४ ने चालवले तर मिनिटभराची घटना ४० सेकंदांत उरकते आणि माणसे बाहुल्यांसारखी तुरुतुरु चालतात. ही दुरुस्ती म्हणजे त्या माणसांना त्यांची चाल परत देणे आहे. चौकट कापणे मात्र टाळा. रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ असलेले जुने चित्र आजच्या १६:९ च्या पडद्यावर पूर्ण रुंदीत बसवले की उंचीचा चौथा भाग जातो, आणि त्यात पायांतले बूट, डोक्यावरची टोपी असे नेमके ओळख पटवणारे तपशील जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. आवाजाच्या बाबतीत पावलांचा, वाऱ्याचा हलका ध्वनी मी चालवून घेतो, पण ओठांच्या हालचालीवर शब्द बसवणार असाल तर ते तुमचे आहेत हे कळायला हवे. रंग भरण्याच्या मी विरोधात आहे, कारण मूळ चित्रणात नसलेली माहिती त्यामुळे चित्रणाचाच भाग वाटू लागते. संगणकाने नव्याने तयार केलेली दृश्ये जुन्या चित्रणात मिसळणे तर कोणत्याही परिस्थितीत नको.

हक्कांविषयी थोडक्यात सांगतो. रीळ ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडेच स्वामित्वहक्क असतो असे नाही, आणि हक्काची मुदत संपलेल्या चित्रणासाठीही अभिलेखागार प्रतीचे शुल्क घेऊ शकते. दोन्ही गोष्टी लेखी विचारून घ्या. प्रत्येक शॉटचे मूळ, तारीख आणि परवानगी यांचा तक्ता संकलनाबरोबरच तयार करत जा.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. तुकड्याची जागा बदलण्याची सूचना दिग्दर्शकांसमोर ठेवली आणि त्यांनी ती मान्य केली. आता त्या तुकड्याची मूळ प्रत आणि कॅमेरामनच्या नोंदी अभिलेखागाराकडे मागितल्या आहेत. एक शंका उरते. सिगारेट ओढणाऱ्या त्या युद्धबंद्याचा चेहरा अगदी स्पष्ट दिसतो, आणि त्याची संमती त्या वेळीही कुणी घेतली नसणार. अशा चेहऱ्यांबाबत आपण काही वेगळा नियम पाळता का?