ग्राहकसेवेत बढतीसाठी आधी अभ्यासक्रम करावा की अनुभव घ्यावा?

प्रश्न:
मी कॉल सेंटरमध्ये ग्राहकांचे फोन घेते. कॉलचा सरासरी वेळ आणि ग्राहकांकडून मिळणारे गुण दोन्ही चांगले आहेत, तरीही टीम लीडरच्या पदासाठी माझी निवड झाली नाही. आता अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करावी, एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा की याच कामात आणखी अनुभव घ्यावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर:
स्वतः उत्तम फोन घेणे आणि दहा-पंधरा जणांकडून ते काम करून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. टीम लीडरला दुसऱ्याचा कॉल ऐकून नेमके कोठे बिनसले, हे त्याला न दुखावता सांगता यावे लागते. त्यासाठी कॅलिब्रेशनच्या बैठकीत बसू देण्याची विनंती वरिष्ठांकडे अवश्य करा. तेथे सर्व जण एकच रेकॉर्डिंग ऐकून स्वतंत्रपणे गुण देतात आणि मग एकाने ८५ व दुसऱ्याने ७० का दिले, यावर चर्चा होते. ग्राहकाचे बोलणे मध्येच तोडले, पण तक्रार मात्र पहिल्याच फोनमध्ये पूर्णपणे सोडवली, अशा कॉलला किती गुण द्यावेत यावर जो वाद होतो, त्यातून जे शिकायला मिळते ते वर्गात बसून मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. नव्या सहकाऱ्यांना शेजारी बसवून शिकवण्याची जबाबदारीही मागून घ्या.

दुसरे उत्तर:
वरील मत योग्यच आहे, पण बढतीची वाट केवळ टीम लीडरपदातून जाते असे नाही. आकड्यांची आवड असेल तर मनुष्यबळ नियोजनाचा विचार करा. ८० टक्के कॉल २० सेकंदांच्या आत उचलायचे असतील तर दर अर्ध्या तासाला किती माणसे हवीत, याचा हिशेब तेथे केला जातो आणि त्यासाठी डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेले सूत्र आजही वापरतात. त्यासाठी एक्सेल पक्के हवे. तांत्रिक मदतकक्षात जायचे असेल तर मात्र आयटिल (आयटी सेवा व्यवस्थापनाची कार्यपद्धती) फाउंडेशनचे प्रमाणपत्र उपयोगी पडते.

तिसरे उत्तर:
पदवी सोडू नका. टीम लीडरपदापर्यंत तिची अडचण सहसा येत नाही. व्यवस्थापकपदाच्या जाहिरातीत मात्र ती अट अनेकदा असते. तत्पूर्वी मुलाखत घेणाऱ्यांना भेटून आपण नेमके कोठे कमी पडलो, हे स्पष्टपणे विचारा आणि त्या उत्तरावरूनच अभ्यासक्रम निवडा.