पर्फला मायनस एफ आणि मायनस सी दोन्ही दिलं तर ऐकतंय कुणाचं?

उद्यमबाग_लिनक्स:
नमस्कार मंडळी, एका फौंड्रीत कॅमेऱ्यानं कास्टिंग तपासणारा आमचा सी प्लस प्लस प्रोग्राम मधेच स्लो व्हायलाय म्हणून पर्फ, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामचा वेळ कुठं जातोय ते मोजणारं टूल, लावून बघालोय. ऑफिसातली पायथन स्क्रिप्ट पर्फ रेकॉर्डला दरवेळी मायनस एफ ९९ लावते, त्यात जोडीदारानं वरून मायनस सी १० लाख दिलं. म्हणजे एकीकडं सेकंदाला ९९ सॅम्पल (त्या क्षणी कुठला कोड चाललाय त्याची नोंद) घे आणि दुसरीकडं प्रोसेसरच्या दर १० लाख सायकलला एक घे. एरर नाही वॉर्निंग नाही, गप चाललं. ९९ च्या हिशेबानं एका बिझी कोअरवर ३० सेकंदात तीनेक हजार सॅम्पल पाहिजेत, आले नव्वद हजारांच्या घरात. उलट मायनस ए आणि मायनस पी एकत्र दिलं की लगेच वॉर्निंग येते. असं कसं? ऑर्डर बदलली तर फरक पडतो काय?

खानापूरकर:
ऑर्डरनं काही होत नाही बघ. मायनस सी दिलं की तेच चालतं, फ्रीक्वेन्सी शून्य होते. पर्फचं स्वतःचं डिफॉल्ट ४००० हर्ट्झ आहे, ते बाजूला सारल्याशिवाय सी चालणारच नाही, म्हणून तसं केलंय. पण तू हातानं दिलेला एफ पण त्याच वाटेनं जातो, तिथं टूलनं बोलायला पाहिजे हे माझं स्पष्ट मत. तुझा आकडा जुळतोय की, प्रोसेसरचे ३ गिगाहर्ट्झ भागिले १० लाख म्हणजे सेकंदाला ३०००. पर्फ इव्हलिस्ट मायनस व्ही मार, पिरियड (दर किती सायकलला एक सॅम्पल) लागलाय का फ्रीक्वेन्सी ते दिसतं. रिपोर्ट वाचायच्या आधी हे बघत जा भावा.

निपाणी_सीपीपी:
मायनस ए म्हणजे सगळी सिस्टीम, मायनस पी म्हणजे एक प्रोसेस, तिथं पीआयडी (प्रोसेसचा नंबर) जिंकतो आणि वॉर्निंग देऊन काम पुढं जातं. ते मला पटतं, युजरला काय पाहिजे त्याचा अंदाज येतो. पर्फ स्टॅटला मायनस ओ आणि लॉग एफडी, म्हणजे आउटपुट कुठं लिहायचं ते सांगणारे ऑप्शन, दोन्ही दिलं तर मात्र थांबतंच. एफ आणि सी ला पण थांबायलाच पाहिजे, मापच बदलतंय की.

टिळकवाडी_देव:
दादा, स्क्रिप्ट आधी सुधारा. आर्गपार्समध्ये (कमांडचे ऑप्शन वाचणारं पायथनचं मॉड्यूल) एफ आणि सी चा म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह, म्हणजे दोन्हीपैकी एकच चालेल असा, ग्रुप करा, दोन्ही टाइप केलं की एरर देऊन एक्झिट कोड २ नं बाहेर पडतंय. पण एफचं डिफॉल्ट ९९ तिथं लिहू नका, ग्रुप फक्त टाइप केलेलं बघतो, मग नुसतं सी दिलं तरी ९९ हातात येणार आणि स्क्रिप्ट दोन्ही पर्फकडं ढकलणार. डिफॉल्ट नन (पायथनमध्ये 'काहीच नाही') ठेवा, दोन्ही नन असतील तरच ९९ भरा. तोच ऑप्शन दोनदा आला, एफ ९९ आणि पुढं एफ ९९९, तर शेवटचा घ्या, त्याला एरर नको. आणि तयार झालेली पूर्ण कमांड प्रिंट करा, हे तर कराच.

उद्यमबाग_लिनक्स:
इव्हलिस्ट बघितलं, पिरियड १० लाखच आहे. म्हणजे जुन्या ९९ वाल्या रिपोर्टशेजारी हा ठेवून सॅम्पलचे आकडे ताडून बघण्यात अर्थ नाही. स्क्रिप्टमध्ये मायनस जी (कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं ती साखळी नोंदव) आणि कॉल ग्राफ ड्वार्फ (ती साखळी ड्वार्फ या डीबग माहितीवरून काढ) पण आहे, तिथं पण भांडण आहे काय?

खानापूरकर:
तिथं नाही. मायनस जी मागं असू दे नाहीतर पुढं, ड्वार्फ सांगितलं की ड्वार्फच राहतं. पण त्यात दर सॅम्पलमागं ८ केबीपर्यंत स्टॅक (फंक्शन कॉलची मेमरी) कॉपी होतो, सेकंदाला ३००० धरलेस तर २४ एमबी एका सेकंदाला. सी काढ आणि ९९ वर घे.