मदत हवी आहे: शहरात ‘ग्रामसभा’ कुठे भरते? अर्धवट गटारीचा जाब कुठे मागायचा? (सोलापूर)

हद्दवाढकर

नमस्कार मंडळी. मूळचा मोहोळ तालुक्यातला, आता बरीच वर्षं सोलापुरात हद्दवाढ भागात राहतो. नगराचं आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम टाकत नाही. भांडायचं नाही, काम करून घ्यायचंय.

आमच्याकडे पावसाचं पाणी वाहून नेणारी गटार मंजूर झाली. काम सुरू झालं तसा फलकही लागला. कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम सगळं होतं, लांबीपुढची जागा तेवढी कोरी. गटार पिठाच्या गिरणीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढचा उतार, जिथं खरं पाणी तुंबतं, तो तसाच. मागच्या मोठ्या पावसात सगळं पाणी गिरणीसमोर बाहेर पडलं आणि शेवटच्या घरांच्या ओट्याला लागलं. पूर्वी ते पसरून, जिरत यायचं, आता सगळं एका धारेनं येतं! फलक कधी गेला कळलं नाही. विचारायला गेलं की तोंडी उत्तर, ‘काम पूर्ण आहे.’

गावाकडं ग्रामसभेत कुणीही उठून ‘हे बिल कशाचं?’ म्हणून विचारतो. उत्तर पटो न पटो, ते चारचौघांत द्यावं लागतं आणि इतिवृत्तात उतरतं. इथं २०११ च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांचं शहर, पण साध्या माणसानं उभं राहून विचारावं अशी जागा मला सापडेना. सर्वसाधारण सभेत जाऊन बोलता येतं का? प्रभाग समितीचं नाव ऐकतो, तिथं आपल्याला काही स्थान असतं का?

आमच्या नगरातल्या मंडळाच्या लेटरहेडवर सह्या घेऊन निवेदन दिलंय. पोच म्हणून गोल शिक्का मिळाला, उत्तर नाही. पुढं काय करावं? अनुभव असलेल्यांनीच सांगा, ‘मंत्रालयात ट्वीट करा’ नको.

पेठेतला

ग्रामसभा? टपरीवर रोज भरते की ओ. इतिवृत्त तेवढं नसतंय.

गंमत सोडा. नगरसेवकांना धरा. चार जणांचा प्रभाग असला की एकजण दुसऱ्याकडं बोट दाखवतंय, म्हणून चौघांची नावं एकाच कागदावर घाला आणि चौघांना तीच प्रत द्या.

निवृत्त टपालशाखा

हद्दवाढकर, त्या गोल शिक्क्यावर आवक क्रमांक आणि तारीख आहे का बघा. नसेल तर तुमचा कागद कार्यालयाच्या लेखी आलेलाच नाही. आवक नोंदवहीत चढला की त्याला नंबर मिळतो, मग तो कोणाच्या टेबलावर गेला हेही विचारता येतं. नुसता शिक्का म्हणजे ‘बघितलं’ एवढंच. माझ्या नोकरीत असे शिक्के मी ढिगानं मारलेत, म्हणून सांगतो.

आता सभेचं. महापालिका कायद्यातल्या सभेच्या नियमांनुसार सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते, सदस्यांनी बहुमतानं ठरवलं तरच दारं बंद होतात. पण खुली म्हणजे ऐकायला. गॅलरीतून बोलायची सोय नाही, बोलणार तो नगरसेवकच. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हा तर ऐकायलाही काही उरलं नव्हतं.

प्रभाग समिती मात्र तुमच्या कामाची आहे. पाणी, ड्रेनेज, स्वच्छता, पावसाच्या पाण्याचा निचरा अशा स्थानिक तक्रारी सोडवणं हे कायद्यानं तिच्याकडेच दिलंय. प्रभागातल्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडं जाण्याआधी त्यांवर शिफारस करायची तीही तिनंच. शिवाय मान्यताप्राप्त स्वयंसेवी संस्था आणि वस्तीपातळीवरच्या संघटनांमधले तीनपर्यंत सदस्य त्यात नामनिर्देशित करता येतात. या जागांसाठी कुणी मागणी करताना मी क्वचितच पाहिलं, सगळ्यांना थेट खर्च मंजूर करणारी स्थायी समितीच दिसते.

तुम्ही ज्याला शहरातली ग्रामसभा म्हणताय, तीही कायद्यात आहे. २००९ च्या दुरुस्तीनं ‘क्षेत्रसभा’ आणली, त्या भागातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. भरलेली मात्र माझ्या पाहण्यात नाही.

आजच्या घडीला समोरासमोर बोलायचं तर लोकशाही दिन. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात. खुद्द आयुक्तांसमोर तुम्हाला उभं राहता येतं.

हद्दवाढकर

आवक क्रमांक नाहीये, आत्ताच पाहिलं. बरं झालं सांगितलंत. लोकशाही दिनाला मंडळाचंच निवेदन पुढं करू का? सह्या भरपूर आहेत.

निवृत्त टपालशाखा

नको. तिथं तक्रार वैयक्तिक लागते, संस्थेच्या किंवा पक्षाच्या लेटरहेडवरचे अर्ज घेत नाहीत. ज्यांच्या ओट्याला पाणी लागलं त्या घरांनी आपापल्या नावानं वेगवेगळे अर्ज करावेत. मजकूर एकच छापू नका, प्रत्येकानं आपलं नुकसान लिहावं. न्यायालयात चालू असलेला विषय किंवा माहिती अधिकाराची तक्रारही तिथं चालत नाही, म्हणून लोकशाही दिन आणि माहिती अधिकार या दोन्ही वाटा वेगळ्या ठेवा.

स्थापत्यवाली

मी ठेकेदारांकडं साइटवर काम केलंय. ‘काम पूर्ण आहे’ या वाक्याला कागदावर मुख्य आधार असतो तो मोजमाप पुस्तिकेचा, म्हणजे एमबीचा. किती मीटर खोदाई, किती काँक्रीट, कोणत्या तारखेला मोजलं, सगळं त्यात चढतं आणि बिल त्यावरूनच निघतं. एमबीत गिरणीपर्यंतचीच लांबी असेल तर मंजुरीच कमी झाली असू शकते, ते मंजूर अंदाजपत्रकाशी ताडून बघा, तसंच असेल तर पुढचा टप्पा मागायचा. पण तिच्यात शेवटच्या घरापर्यंतची लांबी असेल, तर तुमच्या हातात फार मोठा कागद येतो. आधी हे कळू द्या, तोवर ठेकेदाराला चोर म्हणू नका.

माहिती अधिकाराचा अर्ज साधा ठेवा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. मागायचं हे: कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश), मंजूर अंदाजपत्रक, नकाशा, एमबीच्या पानांच्या प्रती, पूर्णत्वाचा दाखला आणि दोष दायित्व कालावधी किती ते. शेवटचं विसरू नका, कारण त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं होते.

कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

पेठेतला

माहिती अधिकार टाकला की खालची माणसं बिथरतात बे. मग रोजची कामंही अडतात. आधी गोडीनं जा.

स्थापत्यवाली

गोडीनं गेले होते की, शिक्का मिळाला. बिथरणाऱ्यांची भीती असेल तर अर्ज मंडळातल्या अशा माणसानं करावा ज्याचं तिथं काही अडलेलं नाही.

हद्दवाढकर

कच्चा मजकूर असा केलाय: ‘आमच्या नगरातील गटारीचे काम अर्धवट का सोडले याची माहिती द्यावी.’ बरोबर?

स्थापत्यवाली

‘का’ काढा. कार्यालयानं नोंदीत जे आहे ते द्यायचं असतं, कारणमीमांसा नाही. ‘का’ विचारलंत की ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ म्हणून अर्ज परत. कामाचं फलकावरचं नाव कुणाच्या मोबाइलमधल्या फोटोत सापडलं तर जसंच्या तसं लिहा, नाहीतर रस्त्याचं नाव आणि वर्ष. तीस दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं. पहिला अर्ज देताना पोचेवर आवक क्रमांक घ्या, अपिलाला तोच जोडावा लागतो.

हद्दवाढकर

फोटो मिळाला! शेजारच्या पोराच्या वाढदिवसाच्या फोटोत मागं फलक आलाय, कामाचं नाव पूर्ण वाचता येतंय. सोमवारी अर्ज देतो. लोकशाही दिनाचा नमुना कुणाकडं असेल तर इथंच टाका, शेवटच्या घरांतल्या आजींचा अर्ज मला भरायचाय.