एसडीएमसीवर (शाळा सुधारणा समितीवर) निवड झालीय, पण शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं नक्की काय बघायचं?

खानापूरची आई
आम्ही कर्नाटकातले, मुलगी गावच्या सरकारी मराठी शाळेत चौथीला आहे. यंदा शाळा सुधारणा समितीवर माझं नाव घातलं. पहिल्या बैठकीत चहा झाला, वहीत सही झाली, संपलं. मुलगी म्हणते सांबारात डाळ शोधावी लागते, बटाटा तेवढा सापडतो. विचारलं तर उत्तर आलं, "ताई, वरून येतं तेवढंच घालतो." वरून किती येतं ते कागद सगळे कानडीत. मला कानडी बाजारापुरतं बोलता येतं, वाचायला येत नाही. स्वयंपाक करणाऱ्या मावशी आमच्याच गल्लीतल्या, त्यांच्याशी वाकडं नको. बाकीचे पालक म्हणतात, फुकटचं जेवण, कशाला तोंड घालतीस? मी नेमकं काय बघू?

निपाणीकर मास्तर (निवृत्त)
फुकटचं कसलं? अन्नसुरक्षा कायद्यानं तो मुलांचा हक्क आहे. 2015 च्या नियमांत जेवणाच्या दर्जावर आणि स्वच्छतेवर लक्ष ठेवायचं काम शाळा समितीला दिलंय. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात. तुम्हाला कुणी उपकार म्हणून घेतलेलं नाही.

आता डाळ. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला डाळ 30 ग्रॅम. पाचवीपर्यंतची 60 मुलं हजर असतील तर 1 किलो 200 ग्रॅम डाळ शिजायला हवी. जेवायच्या वेळी जाऊन उपयोग नाही, तेव्हा पातेल्यात बघून काही कळत नाही. डाळ मोजून घेतात तेव्हा सकाळी जावा. हजेरीचा आकडा आधी विचारा, मग काट्याकडे बघा. मावशींना काही बोलायचं नाही. त्यांच्या हातात येतं तेच त्या शिजवतात. आकडा बैठकीच्या वहीत लिहायला लावा, मराठीत.

वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चाखायचं असतं. त्यात आयांनी पाळी लावून घ्यावी. आमच्या शाळेत हे सुरू झालं तसं मीठसुद्धा जागेवर आलं.

गल्लीतला भाऊ
कानडी परिपत्रकाचं सोपं आहे. सातवी-आठवीतल्या पोरांना कानडी विषय असतो, त्यांच्याकडून वाचून घ्या. फोटो काढून ठेवायचा मात्र.

अंड्याचं कुणीच बोललं नाही! 2024 पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याला सहा दिवस अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्याला केळं. आमच्याकडं सोमवार-गुरुवार उपवासवाल्या घरांतून तक्रार यायची. शेवटी पालकांनीच बसून कोण अंडं खाणार, कोण केळं, याची यादी केली. माळकऱ्यांच्या पोरांना कुणी चिडवत नाही आता. श्रावणात यादी बदलते, एवढंच.

रुक्मिणी, बेळगाव
आणि फाटकाबाहेरचा गाडा? पोटात सांबारभात असला तरी वर पाच रुपयांचं रंगीत पाकीट. 2020 च्या शाळेतल्या सुरक्षित खाण्याच्या केंद्रीय नियमांप्रमाणे जास्त तेल, मीठ, साखरेचं खाणं शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचं नाही. आम्ही गाडेवाल्याला हाकललं नाही, शेंगा आणि उकडलेला मका ठेवायला सांगितलं. मका चालला. शेंगा तो स्वतःच खातो.

खानापूरची आई
मास्तर, डाळीचा आकडा मिळाला, बरं झालं. पण शाळेतल्या काट्याचं एक वजन हरवलंय म्हणे, "अंदाजानं घालतो" म्हणतात.

निपाणीकर मास्तर (निवृत्त)
मग पहिला ठराव काट्याचा मांडा. तोवर किलोचं बंद पाकीट समोर फोडायला सांगा, त्याला काटा लागत नाही.