१ इंची आट्यांच्या लाइनला शेड्यूल ४० की ८०?

चाकण_मेंटेनन्स: कॉम्प्रेसरच्या हवेची लाइन, १० बार, १ इंची ए१०६ ग्रेड बी (कार्बन स्टीलचा सीमलेस, म्हणजे बिनजोड पाइप), एनपीटी (अमेरिकन निमुळते) आटे. हवा ड्रायरच्या आधीची आहे, म्हणून करोजन अलाउन्स (गंजून झिजण्यासाठी ठेवलेली जाडी) १.५ मिमी धरलाय. सूत्राने दाबासाठी जेमतेम ०.१२ मिमी लागतात. शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा वर्ग; ४० ची जाडी ३.३८ मिमी असताना सल्लागार ८० वर का अडून बसलेत?

भोसरी_पाइपिंग: ३.३८ हा कागदावरचा आकडा. मिल टॉलरन्सचे (कारखान्यातून पाइप तेवढा पातळ येऊ शकतो) १२.५ टक्के गेले की २.९६. एनपीटीला इथे इंचात साडेअकरा आटे, खोली १.७७ मिमी. आट्याच्या तळाशी उरले १.१९. आता त्यातून १.५ वजा करून दाखवा!
शेड्यूल ८० मध्ये ४.५५ चे ३.९८, आटे पाडून २.२१, गंजून ०.७१. बी३१.३ (पाइपिंगचा अमेरिकन कोड) आट्याची खोली जाडीत धरायलाच लावतं, सल्लागार काही जगावेगळं सांगत नाहीत.
आणि हा जोड दाबाने क्वचितच फुटतो. तो जातो पान्ह्याच्या जास्तीच्या पिळाने, कंपनाने, लोंबत्या व्हॉल्व्हच्या वजनाने. चीर फिटिंगच्या तोंडाशी, आट्याच्या तळात पडते. व्हॉल्व्हला वेगळा सपोर्ट द्या.

पिंपरी_फिटर: प्रेशर गेजचं अर्धा इंची निप्पल (दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा) विसरू नका. शेड्यूल ८० मध्ये याच हिशोबाने ०.३१ उरतात, १६० मध्ये १.२३. तिथे १६०च घ्या, त्या निप्पलवर कोणी ना कोणी पाय देतंच.
सीमलेसचं भोक नेमकं मध्यात असेलच असं नाही. आटे पाडण्याआधी टोकाला चार जागी व्हर्नियर लावा. डाय (आटे पाडायचं हत्यार) बोथट असेल तर आटे फाटतात, मग टेप कितीही गुंडाळा.

चाकण_मेंटेनन्स: स्टोअरमध्ये आयएस १२३९ (स्टील पाइपचं भारतीय मानक) चा लाल पट्ट्याचा हेवी पाइप पडून आहे, ४ मिमीचा. चालेल?

भोसरी_पाइपिंग: हवेला चालेल, पण बीएसपीटी (ब्रिटिश निमुळत्या) आट्यांनी. त्यांची खोली १.४८च. १० टक्के टॉलरन्स काढून ३.६, आट्यांनंतर २.१२, गंजून ०.६२. म्हणजे एनपीटीच्या शेड्यूल ८० च्या जवळपास. मात्र फिटिंगही सगळी बीएसपीटीच हवीत. १ इंचात ११ आणि साडेअकरा आटे दोन-तीन फेऱ्यांतच अडकतात, ते निदान कळतं. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हीकडे १४ आटे, आट्याचा कोन तेवढा वेगळा, ५५ आणि ६० अंश. छान बसल्यासारखं वाटतं आणि गळत राहतं.
स्टीमला मात्र हा पाइप वापरू नका, तिथे आयबीआरचे (भारतीय बॉयलर नियमांचे) कागद लागतील.