फिल्टर बसवा, पण काढायची तारीखही विचारा

"फिल्टर बसला की गोळ्यांची कटकट संपली" असं वर एकांनी लिहिलंय (म्हणजे रक्ताची गुठळी अडवायला शिरेत बसवतात तो फिल्टर, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या), त्यात थोडी भर घालतो. मूळ प्रश्न विचारणाऱ्याच्या वडिलांच्या पायातल्या गुठळीचा आहे, आणि त्यांना नुकताच मेंदूत रक्तस्राव झालाय. अशा वेळी रक्त पातळ करायची औषधं देणं धोक्याचं, म्हणून डॉक्टर फिल्टर सुचवताहेत. ते रास्तच आहे.

पण फिल्टर गुठळी विरघळवत नाही, पायात नवीन होणंही थांबवत नाही. पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारख्या तारा उघडतात आणि फुफ्फुसाकडे निघालेली गुठळी तिथे अडते, एवढंच. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या अभ्यासात फिल्टरवाल्यांच्या पायात दोन वर्षांत उलट जास्त गुठळ्या झाल्या. म्हणून रक्तस्रावाचा धोका ओसरला की औषधं कधी सुरू करायची, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

दुसरं, काढता येणारा फिल्टर गरज संपल्यावर काढायलाच हवा. राहून गेला तर तार तुटू शकते, फिल्टर सरकू शकतो, शिरेच्या भिंतीत रुतू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१० मध्येच याबद्दल बजावलं होतं.

माझ्या मामांना इथे पुण्यातच बसवला होता. डिस्चार्ज कार्डावर काढण्याबद्दल अक्षरही नव्हतं! मामी काउंटरवरून हलल्या नाहीत. डॉक्टरांना बोलावून तारीख पेनाने लिहून घेतली, फिल्टरच्या खोक्यावरचा स्टिकरही फाइलला लावून घेतला. तुम्हीही दोन्ही करून घ्या.