मदत हवी आहे: नव्या टर्बो पेट्रोल गाडीचं रनिंग-इन, आणि मधला व्हेरिएंट की वरचा?

प्रश्न

१.० लिटर, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरबॉक्स अशी गाडी घ्यायची नक्की झाली आहे. दोन गोष्टींवर सल्ला हवा आहे.

पहिली रनिंग-इनची, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला कसं चालवून रुळवायचं त्याची. पुस्तिकेत एवढंच लिहिलंय की पहिले १००० किमी इंजिन ४००० आरपीएमच्या आत ठेवा आणि एक्सलेटर पूर्ण दाबू नका. बाकी ऐकायला मिळतं ते परस्परविरोधी: कोणी म्हणतं जपून हळू चालवा, कोणी म्हणतं पहिल्या दिवसापासून ओढा. गाडी आल्यावर लगेच लांबचा हायवे प्रवास करायचा आहे. तो केला तर चालेल का? पहिलं ऑइल लवकर बदलावं का?

दुसरी आतल्या फिनिशची. मधल्या व्हेरिएंटमध्ये कापडी सीट, कडक प्लास्टिकचा डॅशबोर्ड आणि २०५/६० आर१६ टायर. वरच्यात लेदरेट (कृत्रिम चामडं), डॅशवर मऊ पट्टा, पियानो ब्लॅक (चकचकीत काळं) पॅनेल, सनरूफ आणि २०५/५५ आर१७. इंजिन दोन्हींत तेच. शोरूममध्ये नेमकं काय तपासून ठरवावं?

प्रतिसाद १

‘हळू’ हा शब्द डोक्यातून काढा. रनिंग-इनमध्ये लोड, म्हणजे इंजिनवरचा ताण, बदलता ठेवायचा असतो. कारण रिंगांच्या कामात आहे. पिस्टनची वरची रिंग स्वतःच्या ताणाने सिलिंडरच्या भिंतीला थोडीशीच दाबलेली असते. खरा दाब ज्वलनाच्या वायूचा. तो खाचेतून रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून केलेल्या, तिरक्या रेघा असतात. त्यांचे बारीक उंचवटे सुरुवातीला घासून सपाट होतात आणि खोल भागात ऑइल टिकून राहतं. सतत हलक्या पायाने चालवलं तर वायूचा दाब कमी राहतो, रिंगा नीट बसत नाहीत, भिंतीवर चकाकी धरते आणि इंजिन पुढे ऑइल खायला लागतं. उलट पहिल्या दिवशीच फुल थ्रॉटल मारलं तर त्या उंचवट्यांवर उष्णता एकवटते आणि ओरखडे पडू शकतात.

आजकाल कारखान्यातच प्लेटो होनिंग होतं, म्हणजे उंचवटे बरेचसे आधीच कापलेले असतात. त्यामुळे चुकून एकदा ४५०० आरपीएमला गेलात तर घाबरू नका. पण पहिले १००० किमी शिस्त पाळणं काहीच महाग नाही, आणि ते पुन्हा करता येत नाही.

प्रत्यक्षात असं करा:

- स्टार्ट करून २०-३० सेकंद थांबा आणि हळूच निघा. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून गरम करू नका. आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) लोड जवळपास नसतो आणि थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं.
- तापमानाचा काटा मध्यावर येतो तो कूलंटचा. ऑइल त्याच्या नंतर गरम होतं. काटा आल्यावरही ५-१० मिनिटं २५०० आरपीएमच्या आत राहा.
- गरम झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या ते पाऊण एक्सलेटरने २००० ते ३५०० पर्यंत न्या, मग पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या. पाय काढला की सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, थोडं ऑइल वर ओढलं जातं आणि घासलेले कण धुऊन निघायला मदत होते. हे चढ-उतार बऱ्याचदा होऊ द्या.
- पहिले ५०० किमी कमाल ३५००, त्यानंतर ४०००. शेवटच्या दोनशे-तीनशे किमीत एक्सलेटर थोडा-थोडा वाढवत न्या.

हायवे प्रवास चालेल, उलट चांगलाच. फक्त क्रूझ कंट्रोल लावून तासन्‌तास एकाच वेगात बसू नका. दर १०-१५ मिनिटांनी वेग १०-२० किमीने वर-खाली करा, मधूनच एक गिअर खाली घ्या. पूर्ण भरलेली गाडी आणि लांब घाट शक्यतो पहिले ५०० किमी टाळा.

प्रतिसाद २

वरच्या मुद्द्यांत टर्बोची भर घालतो, कारण इथेच लोक सर्वात जास्त चुकतात. जपायचं म्हणून गिअर लवकर बदलतात आणि पाचव्यात १३०० आरपीएमवर एक्सलेटर दाबतात. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये कमी आरपीएम आणि जास्त लोड हे सर्वात वाईट मिश्रण आहे. स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका तिथेच असतो. त्याने पिस्टनची रिंगलँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटल्याची उदाहरणं आहेत. गाडी थरथरते आहे किंवा ओढायला कुरकुरते आहे असं वाटलं की आधी गिअर खाली, मग एक्सलेटर. हा नियम रनिंग-इनपुरता नाही, कायमचा आहे.

जोरात चालवून आल्यावर बंद करण्याआधी मिनिटभर आयडल. टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या थरावर फिरतो. तापलेला असताना ऑइलचा प्रवाह तोडला तर आतलं ऑइल जळून थर धरतं. शेवटचे दोन किमी सावकाश आला असाल तर वेगळं थांबायची गरज नाही.

ब्रेक आणि टायर यांचंही रनिंग-इन असतं, ते कोणी सांगत नाही. टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश वरच्या थरावर राहतो, म्हणून पहिले २००-३०० किमी ओल्या रस्त्यावर वळणं सांभाळून घ्या. ब्रेकसाठी रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक लावा, प्रत्येक वेळी मध्ये एखादा किमी गाडी चालू ठेवून डिस्क थंड होऊ द्या. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभं राहू नका. पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि नंतर ब्रेक लावताना पेडल थरथरतं.

प्रतिसाद ३

ऑइलबद्दल. पुस्तिकेत लवकर बदला असं लिहिलं नसेल तर सक्ती नाही. होंडासारखी कंपनी तर कारखान्यातलं पहिलं ऑइल मुदतीआधी बदलू नका असंच सांगते. तरी मनाच्या समाधानासाठी बदलायचं असेल तर १०००-१५०० किमीच्या सुमारास, पुस्तिकेतल्याच ग्रेडने आणि फिल्टरसकट. ०डब्ल्यू-२० सांगितलं असताना ‘जाड ऑइल चांगलं’ म्हणून १०डब्ल्यू-४० घालू नका. इंजिन फ्लश, अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या वगैरे काहीही नको.

लेव्हल मात्र पहिले २००० किमी दर ५०० किमीला बघा. सपाट जागा, इंजिन गरम करून बंद, ५-१० मिनिटं थांबून डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरच्या आसपास असतं, म्हणून थोडं-थोडंच भरा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि ऑइलचा दाब कमी होतो. सुरुवातीला किंचित घट होणं स्वाभाविक आहे. लेव्हल वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर लहान-लहान फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतंय. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा आणि पुन्हा तपासा.

प्रतिसाद ४

आता आतल्या भागाकडे. नंतर बसवता येत नाही त्याला आधी किंमत द्या. ड्रायव्हर सीटची उंची, स्टिअरिंग पुढे-मागे होणं, मागच्या मधल्या प्रवाशाला हेडरेस्ट, मागचा एसी व्हेंट, ६०:४० अशी दोन भागांत दुमडणारी मागची सीट: ही यादी घेऊन दोन्ही गाड्यांत बसा. लेदरेट नंतर शिवून घेता येतं, स्टिअरिंगची हालचाल नाही.

‘सॉफ्ट टच’ हाताने तपासा. बऱ्याचदा फक्त प्रवाशासमोरचा अर्धा पट्टा मऊ असतो. हात आणि गुडघा जिथे रोज टेकतो ती जागा महत्त्वाची: दरवाजाचा कोपराखालचा भाग, खिडकीलगतची कड, सेंटर कन्सोलची गुडघ्याजवळची बाजू. तिथे कडक प्लास्टिक असेल तर डॅशवरचा पट्टा नुसता दिखावा. दरवाजाच्या कप्प्यात फेल्ट आहे का, ग्लोव्हबॉक्स सावकाश उघडतो की धाडकन पडतो, दोन पॅनेलमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे दिवसाच्या उजेडात बघा. शोरूमच्या दिव्यांत पियानो ब्लॅक सुंदर दिसतं. उन्हात त्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो आणि कोरड्या कपड्याने पुसलं की नवे पडतात. गिअरभोवती ते असेल तर पहिल्याच दिवशी पारदर्शक फिल्म लावा.

सनरूफच्या चौकटीने डोक्यावरची जागा दोन-चार सेंटिमीटर कमी होते. सीट स्वतःच्या मापाने लावून बसल्याशिवाय हो म्हणू नका. टायरचा हिशेब सोपा: २०५/६० ची भिंत १२३ मिमी, २०५/५५ ची सुमारे ११३. खराब रस्त्यावर तो एक सेंटिमीटर जाणवतो, खड्ड्यात रिम वाकण्याचा धोकाही वाढतो. तुमचे रस्ते खराब असतील आणि उंची-स्टिअरिंगची सोय मधल्यात असेल, तर मी मधलाच सुचवेन.

रनिंग-इनच्या काळातच खडखड पकडा. तीन सिलिंडरचं इंजिन ठराविक आरपीएमला ट्रिम (आतली पॅनेलं) थरथरवतं. न्यूट्रलमध्ये उभं राहून आरपीएम सावकाश २५०० पर्यंत न्या. आवाज तिथेही आला तर कंपनाचा, फक्त रस्त्यावर आला तर बॉडी किंवा सस्पेन्शनचा. सोबत्याला पॅनेल एकेक दाबून बघायला सांगा, जिथे दाबल्यावर थांबतो ती जागा आरपीएमसकट लिहून पहिल्या सर्व्हिसला द्या. क्लिपखाली फेल्ट टेप लावली की बहुतेक वेळा भागतं. वॉरंटीत असताना स्वतः पॅनेल उपटू नका, क्लिप तुटली की आवाज कायमचा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सीटची उंची आणि स्टिअरिंगची हालचाल मधल्यात आहे, त्यामुळे तोच घेतोय. एकच शंका: कापडी सीटवर कव्हर आणि खाली जाड मॅट लगेच घातले तर चालतील ना?

प्रतिसाद ४

आधी सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचं लेबल शिवलेलं आहे का बघा. असेल तर सर्वसाधारण कव्हर अजिबात नको. अपघातात साइड एअरबॅग शिवण फाडून बाहेर येते, कव्हरने ती अडकते किंवा भलत्या दिशेने फुगते. त्या जागी सुटणारी खास शिवण असलेलंच कव्हर घ्या, आणि आयसोफिक्सचे (मुलांची सीट अडकवायचे) हुक झाकले जाणार नाहीत हे पाहा. कारखान्यातलं प्लास्टिकचं आवरण मात्र पहिल्याच दिवशी काढा, त्याखाली घाम आणि ओल साठून कापडाला वास धरतो.

ड्रायव्हरच्या पायाखाली एकच मॅट, जमिनीवरच्या हुकांत अडकवलेली. मूळ मॅटवर दुसरी जाड मॅट टाकली की ती पुढे सरकून एक्सलेटर दाबलेलाच अडकवू शकते. मॅट घातल्यावर गाडी बंद असताना तिन्ही पेडल शेवटपर्यंत दाबून, मोकळे परत येतात का ते बघा.